लॅपटॉपचं इंटरनेट पीएस४ला द्यायचं असेल तर

प्रश्न : दादा, मी कर्वेनगरला पीजीत राहतो. इथलं वायफाय लॅपटॉपवर आणि मोबाइलवर लॉगिनचं पान उघडून चालू होतं. माझा जुना पीएस४ (प्लेस्टेशन ४) वायफायला जोडला जातो, पण त्यावर इंटरनेट येत नाही. लॅपटॉपमधून लॅन केबलनं नेट देता येतं असं मित्र म्हणाला, म्हणून विंडोज ११मध्ये शेअरिंगच्या टॅबमधली खूण केली. पहिल्या दिवशी चाललं. दुसऱ्या दिवशी पीएस४ला आयपी पत्ताच मिळेना. आणि चाललं तेव्हाही नॅट टाइप ३ दाखवत होता, मित्रांशी पार्टीत बोलता येत नव्हतं. काय करू?

उत्तर :

तुझ्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत, आणि त्या एकमेकींत गुंतल्या आहेत. लॉगिनच्या पानाची अडचण शेअरिंगनं सुटते. दुसऱ्या दिवशी बंद पडण्यावर विंडोजमध्येच इलाज आहे. नॅट टाइपचा, म्हणजे बाहेरून तुझ्या कन्सोलपर्यंत वाट किती निघते याचा, मामला मात्र पूर्णपणे तुझ्या लॅपटॉपच्या हातात नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक वेळा तिसऱ्या अडचणीसाठी पहिल्या दोन्हींच्या सेटिंगची मोडतोड करून बसलेली असतात.

आधी शेअरिंग म्हणजे नक्की काय होतं ते बघ. लॅपटॉप मध्ये बसून नेट नुसतं पुढे ढकलतो असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. शेअरिंग चालू केल्या क्षणी तुझा लॅपटॉप एक छोटा राउटर होतो. पीजीच्या वायफायच्या बाजूला त्याच्याकडे पीजीच्या राउटरनं दिलेला पत्ता असतो. लॅन केबलच्या बाजूला तो स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो, त्यात स्वतः १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो आणि केबलला जे काही जोडलेलं असेल त्याला १९२.१६८.१३७ने सुरू होणारा पत्ता वाटतो. ही सोय विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून आहे. एक्सपीच्या काळात तिचा पत्ता १९२.१६८.०.१ असायचा. आजही कुणी जुन्या लेखातून तो आकडा कन्सोलमध्ये हातानं भरतं आणि मग काहीच चालत नाही.

पीएस४कडून निघालेली प्रत्येक विनंती लॅपटॉप स्वतःच्या नावावर बाहेर पाठवतो. लॉगिनच्या पानाचा प्रश्न नेमका इथेच सुटतो. पीजीचं वायफाय तुला ओळखतं ते लॅपटॉपच्या वायफाय कार्डाच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे कार्डाच्या ओळख क्रमांकावरून. लॅपटॉपनं एकदा लॉगिन केलं की त्याच्यामागे बसलेला पीएस४ पीजीच्या राउटरला दिसतच नाही, त्याला सगळं लॅपटॉपकडूनच आल्यासारखं वाटतं. जिथे प्रत्येकाला स्वतंत्र युझरनेम-पासवर्ड टाकून वायफायलाच जोडावं लागतं, अशा कॉलेज हॉस्टेलच्या एंटरप्राइझ पद्धतीच्या वायफायलाही हाच मार्ग लागू पडतो. तिथे तर कन्सोल थेट जोडताच येत नाहीत, पीएस४ही नाही, एक्सबॉक्सही नाही, स्विचही नाही.

तुझ्या बाबतीत आणखी एक फायदा आहे. तू ‘जुना’ पीएस४ म्हणतोस, म्हणजे २०१३ सालच्या मूळ रचनेचा असणार. त्यात फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय आहे. ५ गिगाहर्ट्झ आलं ते २०१६ च्या स्लिम आणि प्रो या मॉडेलांत. कर्वेनगरसारख्या दाट वस्तीत लॅपटॉपवर वायफायची यादी उघड, शेजारपाजारचे किती राउटर दिसतात बघ. २.४मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. त्या तिघांत सगळी सोसायटी कोंबलेली असते. तुझा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडला जात असेल आणि तिथून पुढे केबल असेल, तर पीएस४ला थेट वायफायपेक्षा चांगला वेग मिळण्याची शक्यता खूप आहे. म्हणून लॉगिनचा प्रश्न नसता तरी मी तुला केबलच सांगितली असती.

आता मांडणी. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबी-लॅन अ‍ॅडॉप्टर लागेल. तपकीर गल्लीत ढिगानं मिळतात, पण घेताना यूएसबी ३ आणि गिगाबिट असं दोन्ही लिहिलेलं बघ. यूएसबी २चे स्वस्त अ‍ॅडॉप्टर बहुतेक १०० एमबीपीएसवर अडतात. पीजीच्या नेटला तेवढं पुरेल, पण पुढे घर बदललंस की तोच अ‍ॅडॉप्टर नडेल. केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ची, साधी सरळ. दोन यंत्रं थेट जोडायला क्रॉस केबल लागते असं कुणी दुकानात सांगेल. ते खूप जुन्या १०० एमबीपीएसच्या कार्डांच्या जमान्यातलं आहे. गिगाबिट पोर्ट तारांची अदलाबदल स्वतः ओळखतात, आणि पीएस४चं पोर्ट गिगाबिट आहे. दुकानदारानं समोर क्रिम्पिंग करून दिलेली केबल असेल तर टेस्टरवर आठही तारा तपासून घे. चारच तारा नीट लागल्या असतील तरी १०० एमबीपीएसवर जोडणी होते, दिवे लागतात, आणि वेग का कमी आहे ते कळत नाही.

केबल दोन्हीकडे लाव, पीएस४ चालू कर, मगच सेटिंगला हात घाल. लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि आर दाबून एनसीपीए.सीपीएल टाइप कर (ही सगळी इंग्रजी अक्षरं, मध्ये टिंब, जागा नाही). लॅपटॉपमधल्या सगळ्या नेटवर्क जोडण्यांची खिडकी उघडते. यापुढचा सगळा खेळ दिशेचा आहे. इंटरनेट जिथून येतं त्या जोडणीवर शेअरिंग चालू करायचं, जिथे द्यायचं तिच्यावर नाही. तुझं नेट वायफायवरून येतं, म्हणून वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब. तिथली पहिली खूण, ‘अलाउ अदर नेटवर्क यूझर्स टू कनेक्ट’ अशी सुरू होणारी, चालू कर. खाली ‘होम नेटवर्किंग कनेक्शन’ची यादी दिसेल, तीत इथरनेट निवड. दुसरी खूण, दुसऱ्यांना ही जोडणी बंद-चालू करू देणारी, काढून टाक. तिची तुला गरज नाही.

या यादीपाशी थांबून नीट वाच. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर हमखास असतं, आणि त्यांची आभासी कार्डंही याच यादीत इथरनेट २, इथरनेट ३ अशा नावांनी बसतात. चुकीचं नाव निवडलं गेलं तर शेअरिंग चालू दिसतं, सगळं हिरवंगार, आणि पीएस४च्या केबलवर मात्र शुकशुकाट. कोणतं कार्ड खरं ते ओळखायला केबल काढ आणि परत लाव. ज्या जोडणीवर लाल फुली येते-जाते, ती तुझी. तिचं नाव बदलून ‘पीएस४’ ठेवलंस तर पुन्हा घोटाळा होणार नाही. शेअरिंग एका वेळी एकाच जोडणीचं करता येतं, हेही लक्षात असू दे.

याच खिडकीत दोन जोडण्या निवडून ‘ब्रिज कनेक्शन्स’ असा पर्याय येतो. तो तुझ्यासाठी नाही. ब्रिजमध्ये पीएस४ स्वतःच्या मॅक पत्त्यानं पीजीच्या राउटरपर्यंत जायला बघतो, आणि वायफायला ग्राहक म्हणून जोडलेलं कार्ड दुसऱ्याच्या मॅक पत्त्याची पाकिटं (नेटवरून जाणारे माहितीचे तुकडे) सहसा पाठवू शकत नाही. समजा गेलीच, तरी लॉगिनचं पान पुन्हा आडवं येईल. ज्या गोष्टीपासून सुटायचं होतं तिथेच परत.

पीएस४वर सेटिंग्ज, नेटवर्क, सेट अप इंटरनेट कनेक्शन, यूझ अ लॅन केबल, आणि ईझी. एवढंच. मग टेस्ट इंटरनेट कनेक्शन.

चाललं नाही तर नुसतं शेअरिंग बंद-चालू करत बसू नकोस. उगमाकडून टोकाकडे एकेक टप्पा तपास. आधी लॅपटॉपवर ब्राउझर उघडून एखादं नवं पान येतं का बघ. लॉगिनची मुदत संपली असेल तर पीएस४ला दोष देण्यात अर्थ नाही. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालव आणि इथरनेटसमोरचा पत्ता वाच. तिथे १९२.१६८.१३७.१ असायलाच हवा. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता असेल तर विंडोजनं शेअरिंगची खूण ठेवली आहे पण काम सुरू केलेलं नाही, हे पक्कं समज. तुझ्या दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीत बहुधा हेच आहे. पत्ता बरोबर असेल तर एआरपी -ए ही आज्ञा चालव, १९२.१६८.१३७.१च्या खाली पीएस४चा मॅक पत्ता दिसतो का बघ. तो मॅक पत्ता पीएस४च्या नेटवर्कमधल्या व्ह्यू कनेक्शन स्टेटसमध्ये आणि सेटिंग्जच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये लिहिलेला असतो. दिसला तर केबल, पोर्ट आणि कार्ड ठीक आहेत.

पत्ता बरोबर, केबल ठीक, आणि तरी पीएस४ आयपी पत्ता मिळत नाही म्हणत असेल, तर बहुतेक वेळा विकत घेतलेल्या अँटिव्हायरसचं फायरवॉल आडवं असतं. पत्ते वाटण्याचं काम यूडीपीच्या ६७ आणि ६८ या पोर्टवर चालतं (इथे पोर्ट म्हणजे केबल लावायची जागा नव्हे, सेवेच्या दाराचा आकडा), आणि हे फायरवॉल अनोळखी नेटवर्कवर तेवढं बंद करून टाकतं. ते पाच मिनिटं थांबवून बघ. लगेच पत्ता मिळाला तर गुन्हेगार सापडला. मग त्याच्यात इथरनेटचं नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदव आणि फायरवॉल परत चालू कर. कायमचं बंद ठेवू नकोस, पीजीच्या वायफायवर तर अजिबात नको.

मला स्वतःला पीएस४ला पत्ता हातानं द्यायला आवडतं, कारण पुढे पोर्ट उघडताना तो कायम एकच लागतो. ईझीऐवजी कस्टम निवडून आयपी पत्ता १९२.१६८.१३७.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, डिफॉल्ट राउटर १९२.१६८.१३७.१. प्रायमरी डीएनएसही (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा) १९२.१६८.१३७.१च ठेव. इथे सगळे ८.८.८.८ लिहायला सांगतात, आणि घरच्या नेटवर ते ठीकच आहे. पण लॉगिनचं पान दाखवणारी बरीच नेटवर्कं बाहेरचा डीएनएस अडवतात. मग पत्ता मिळतो, पण प्लेस्टेशन नेटवर्कचा सर्व्हर सापडत नाही. लॅपटॉपचाच डीएनएस दिलास तर जे लॅपटॉपला सापडतं ते पीएस४लाही सापडेल. एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) आपोआप, प्रॉक्सी नाही.

एक विरळा पण डोकं खाणारा प्रसंग. पीजीचं नेट गेलं म्हणून रूममेटनं त्याच्या विंडोज लॅपटॉपवरून हॉटस्पॉट दिला, तू तो घेतलास आणि पुढे पीएस४ला द्यायला गेलास, तर चालणार नाही. त्याचा हॉटस्पॉटही १९२.१६८.१३७ हेच नेटवर्क वापरतो. तुझ्या लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क झालं, तर पाकीट कुठे पाठवायचं हे त्याला कळणार नाही. त्या दिवशी मोबाइलचा हॉटस्पॉट घे.

आता दुसऱ्या दिवसाची गोष्ट. लॅपटॉप रीस्टार्ट झाला की शेअरिंगची खूण तशीच दिसते, पण सेवा जागी होत नाही, हा विंडोज १०च्या १७०९ या आवृत्तीपासूनचा माहीत असलेला घोळ आहे, आणि त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनंच सांगितलेला आहे. तात्पुरता इलाज म्हणजे वायफायच्या शेअरिंग टॅबमधली खूण काढून ओके, पुन्हा खूण करून ओके. कायमचा इलाज दोन भागांत आहे. सर्व्हिसेसच्या यादीत ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ शोधून तिचा स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक कर. मग रजिस्ट्री एडिटर उघडून एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, शेअर्डअ‍ॅक्सेस इथपर्यंत जा. तिथे ‘एनेबलरीबूटपर्सिस्टकनेक्शन’ या नावाची डीवर्ड नोंद कर, सगळे शब्द जोडून, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, आणि किंमत १ दे. शेअर्डअ‍ॅक्सेस हे घर तिथे नसेल तर तयार कर. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी त्या भागाची प्रत निर्यात करून ठेव. त्यानंतर शेअरिंगची खूण एकदा काढून पुन्हा कर.

पण दुसऱ्या दिवशी बंद पडण्याचं कारण पीजीचं लॉगिनही असू शकतं. फरक ओळखणं सोपं आहे: लॅपटॉपवरही नेट नसेल तर लॉगिन, लॅपटॉपवर आहे आणि पीएस४वर नाही तर शेअरिंग. रोज लॉगिन मागत असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ कसं आहे बघ. ते रोज बदलणारं ठेवलं असेल तर तुझा लॅपटॉप पीजीच्या राउटरला रोज नवा माणूस वाटतो. या एका नेटवर्कपुरतं ते बंद कर.

आणि झोप! लॅपटॉप झोपला की राउटर झोपला. पीएस४ रेस्ट मोडमध्ये रात्रभर गेम उतरवत राहील अशा भरवशावर तू झोपतोस, इकडे लॅपटॉप अर्ध्या तासात डोळे मिटतो. चार्जरवर असताना स्लीप ‘नेव्हर’, झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या आणि यूएसबी-लॅन अ‍ॅडॉप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवायला हे बंद कर’ अशा अर्थाची खूण काढ. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि परत आली की मात्र सगळं पुन्हा एकदा बघावं लागेल. लॅपटॉप बॅटरीवर तगलेला असतो, पण पीजीचा राउटर नव्यानं उठतो आणि लॉगिन विसरलेला असू शकतो.

आता नॅट. हा भाग सावकाश वाच, कारण इथेच तुझी सगळ्यात जास्त निराशा होणार आहे आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आण. आतून कुणी काही मागवलं तर तो नोंद ठेवतो आणि पार्सल आलं की त्या फ्लॅटला पाठवतो. कुणीच न मागवलेलं पार्सल आलं तर परत लावतो. नॅट एवढंच करतं. गेम उतरवणं, स्टोअर, ट्रॉफी, बहुतेक ऑनलाइन सामने, यांत मागणी तुझ्याकडून जाते आणि उत्तर येतं, म्हणून वॉचमन आड येत नाही. पार्टी चॅट आणि खेळाडूंचे कन्सोल एकमेकांना थेट जोडणारे गेम यांत मात्र समोरच्याच्या कन्सोलला तुझ्यापर्यंत स्वतःहून यावं लागतं. तो गेटवरच अडतो. प्लेस्टेशन याच्या तीन पायऱ्या सांगतं. टाइप १ म्हणजे मध्ये नॅटच नाही, टाइप २ म्हणजे नॅट आहे पण वाट निघते, टाइप ३ म्हणजे वाट फारशी निघत नाही. एक्सबॉक्सवर हेच ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट. टाइप १च्या मागे लागायची कुणालाच गरज नाही, टाइप २ उत्तम आहे.

तुझ्याकडे वॉचमन किती आहेत ते मोजू. लॅपटॉप एक. पीजीचा राउटर दोन. आणि पीजीला नेट देणारी कंपनी बहुधा तिसरा. आपल्या भागाला आयपी पत्ते वाटणाऱ्या एपनिक या संस्थेचा आयपीव्ही४चा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आला, आणि तेव्हापासून अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानचे पत्ते २०१२ साली खास राखून ठेवले गेले. लॅपटॉपवर ट्रेसरूट (पाकीट कोणत्या टप्प्यांतून जातं ते दाखवणारी आज्ञा) चालव: ट्रेसआरटी -डी ८.८.८.८. पहिल्या ओळीत पीजीचा राउटर येईल. त्यानंतरच्या एक-दोन ओळींत १००.६४ ते १००.१२७मधला किंवा १०ने सुरू होणारा पत्ता दिसला तर कंपनीच्या पातळीवरही नॅट असण्याची शक्यता मोठी. खात्री करायची तर पीजीच्या राउटरच्या पानावर दिसणारा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता आणि बाहेरची एखादी साइट दाखवते तो पत्ता जुळतो का बघायचा. पण ते पान पीजीच्या काकांच्या परवानगीनं.

तुझ्या हातात फक्त पहिला वॉचमन आहे. त्याला सांगून ठेवता येतं. वायफायच्या शेअरिंग टॅबमध्ये ‘सेटिंग्ज’ बटण आहे, त्यात सर्व्हिसेसच्या यादीत नवी नोंद करायची : पीएस४चा पत्ता १९२.१६८.१३७.५०, आणि पोर्ट यूडीपी ३४७८ आणि ३४७९, टीसीपी ३४७८, ३४७९ आणि ३४८०. प्रत्येक पोर्टची वेगळी नोंद, आत आणि बाहेर तोच आकडा. एक्सबॉक्स असता तर मुख्य पोर्ट ३०७४, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. एवढं करून टेस्ट घे. टाइप ३चा २ झाला तर वरचे दोन वॉचमन समजूतदार निघाले म्हणायचं. नाही झाला तर लॅपटॉपवर आणखी काही करू नकोस. फायरवॉल बंद करणं, डीएमझेड (सगळी पोर्टं एका यंत्राकडे उघडणारं सेटिंग) शोधणं, ‘नॅट उघडणारी’ सॉफ्टवेअरं टाकणं, यातल्या कशानंही वरच्या दोघांपर्यंत तुझा आवाज पोचत नाही, आणि लॅपटॉप मात्र उघडा पडतो.

तोपर्यंत मित्रांशी बोलायला मोबाइलवरचा कॉल वापर, आणि सामना भरवायचं काम ज्याच्याकडे टाइप २ आहे त्या मित्राला दे. एका टोकाला वाट मोकळी असेल तर टाइप ३वाला बऱ्याचदा जोडला जातो. दोन्ही टोकांना टाइप ३ असेल तर बहुधा नाही.

लॅपटॉपवरच विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट चालू करून पीएस४ला वायफायनं का देऊ नये, असंही तुझ्या मनात येईल. चालतं, पण दोन कारणांनी मला पटत नाही. एकच वायफाय कार्ड एकीकडून घेतं आणि तेच दुसरीकडे देतं, म्हणजे हवेतला वेळ दोघांत वाटला जातो. वेग साधारण निम्म्यावर येतो आणि पिंग हेलकावे खातं. दुसरं, कार्ड सहसा ज्या चॅनलवर जोडलेलं आहे त्याच चॅनलवर हॉटस्पॉट देतं. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर असेल तर हॉटस्पॉटही तिथेच, आणि तुझ्या पीएस४ला तो यादीत दिसणारच नाही. ‘हॉटस्पॉट चालू आहे, मोबाइलला दिसतो, कन्सोलला दिसत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक हेच असतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. पेठांतल्या जुन्या इमारतींत अजूनही कुठे कुठे गच्चीवरच्या स्विचमधून केबल थेट संगणकात येते आणि युझरनेम-पासवर्ड टाकून डायलर जोडावा लागतो. तिथे शेअर करायचा तो डायलर, म्हणजे ‘ब्रॉडबँड कनेक्शन’, त्याच्या खालचं इथरनेट नाही. इथरनेट शेअर केलं तर कन्सोलला पत्ता मिळतो आणि इंटरनेट मिळत नाही. संगणकाला लॅनचं पोर्ट एकच असेल तर कन्सोलसाठी दुसरं कार्ड लागेल. डायलरच्या जोडणीत प्रत्येक पाकिटातले ८ बाइट त्याच्याच कामाला जातात, म्हणून साइन-इन होतं पण स्टोअर अर्धवट उघडतं असं झालं तर कन्सोलमध्ये एमटीयू १५००ऐवजी १४९२ करून बघा. संगणक मध्ये नको असेल तर पीएस४मध्ये कस्टम सेटिंगखाली पीपीपीओईचा, म्हणजे डायलरच्याच पद्धतीनं जोडण्याचा, पर्याय आहे, डायलरचंच नाव आणि पासवर्ड तिथे टाकता येतं. मात्र तेव्हा संगणकावरचा डायलर बंद ठेवावा लागतो.

वाड्यांच्या जाड भिंतींमागे असलेल्या खोलीत मोबाइलला ५जी येतं आणि वायफाय येत नाही, असंही असतं. मोबाइल यूएसबीनं संगणकाला जोडून टेदरिंग चालू केलं की एनसीपीएच्या खिडकीत त्याचीही एक इथरनेट जोडणी उगवते. तीच उगम म्हणून शेअर करायची, पुढचं सगळं वरच्यासारखंच. निन्टेन्डो स्विचच्या पहिल्या डॉकला लॅनचं पोर्ट नव्हतं, यूएसबी-लॅन अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो. २०२१च्या ओलेड मॉडेलच्या डॉकला ते आहे. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरल, शेअरिंग, इंटरनेट शेअरिंग; तिथे कन्सोलला १९२.१६८.२ने सुरू होणारा पत्ता मिळतो. उबुंटूवर केबलच्या जोडणीच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये ‘शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स’ निवडलं की झालं, पत्ता १०.४२.०ने सुरू होतो. उबुंटूची ही सोय मला विंडोजपेक्षा भरवशाची वाटते, रीस्टार्टनंतर तशीच उठते.

पुन्हा तुझ्याकडे. पीजीच्या काकांना हे सांगून कर. शेअरिंगनं त्यांचं काही बिघडत नाही, पण ५० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सगळा वेग खाऊनसुद्धा जवळजवळ पावणेतीन तास घेतो, आणि तेवढा वेळ बाकीच्या मुलांचे क्लास, मीटिंग अडखळतात. उतरवायचं ते रात्री बारानंतर. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये असतास तर नियमावली आधी वाच म्हणालो असतो, काही ठिकाणी जोडणी पुढे वाटायला स्पष्ट मनाई असते आणि खातं बंद होतं.

दोन-तीन महिने काढायचे असतील तर लॅपटॉपचा हा मार्ग पुरेसा आहे, पैसे घालवू नकोस. वर्षभर राहणार असशील तर माझं मत वेगळं आहे. वायफाय घेऊन लॅन पोर्टवर देणारा छोटा राउटर घे, ज्याच्या माहितीत डब्ल्यूआयएसपी किंवा क्लायंट मोड लिहिलेला आहे, आणि ५ गिगाहर्ट्झ आहे. एकदा लॅपटॉप त्याला जोडून लॉगिनचं पान भरलंस की त्याच्यामागचं सगळं चालू होतं, आणि लॅपटॉप कॉलेजला नेलास तरी पीएस४चं डाउनलोड थांबत नाही. नॅटचे थर मात्र तेवढेच राहतील. एकाच्या जागी दुसरा येईल, कमी होणार नाही.

एवढं करूनही अडलं तर मला चार गोष्टी पाठव : आयपीकॉन्फिग /ऑलचा सगळा मजकूर, एआरपी -एमधला १९२.१६८.१३७.१ खालचा भाग, ट्रेसरूटच्या पहिल्या चार ओळी, आणि पीएस४च्या टेस्टचा फोटो, ज्यात कोणत्या ओळीवर ती अडली ते दिसेल. ऑब्टेन आयपी अ‍ॅड्रेसवर अडली तर केबल, फायरवॉल किंवा झोपलेली सेवा. इंटरनेट कनेक्शनवर अडली तर लॉगिन किंवा डीएनएस. साइन-इनवर अडली तर तुझं खातं किंवा प्लेस्टेशनचा सर्व्हर. पीजीच्या वायफायचा पासवर्ड आणि तुझं लॉगिन त्यातून झाकून पाठव.